शेवटचा हात

"तू निघ पुढे, माझे दोन खांब उरलेत," कातारी म्हणाला, आणि मखमलच्या मनात पाल चुकचुकली.

दोन खांब! कालही याचे दोनच उरले होते आणि परवाही दोनच. चरकावर लाकूड गोल कातण्यात ज्याची हयात गेली, त्याचे रोज संध्याकाळी नेमके दोनच खांब कसे काय उरतात? बरं, सकाळी येऊन बघावं तर ढिगात भर पडलेली काही दिसत नाही. काहीतरी काळंबेरं होतं खास.

"सावकाश कर रे, घाई कसली?" मखमल तोंडभर हसून म्हणाला. "हा कठडा झाकतो आणि निघतोच मी."

कातारी पाठमोरा झाला तशी मखमलने कानावरची शिसपेन्सिल काढली आणि कठड्याच्या एका टोकाशी, खालच्या अंगाला, जिथे धरणाऱ्याची बोटं वळतात तिथे, अगदी हलक्या हाताने आडव्यातिडव्या रेघा ओढल्या. लाकूड घासणाऱ्यांची ही जुनी रीत. घासायच्या आधी रेघा मारायच्या आणि त्या पुसल्या जाईपर्यंत काचपेपर फिरवायचा, म्हणजे एखादी जागा राहून जात नाही. आज मखमलने ती रीत उलटी वापरली. कठडा घासून झालेला होता. त्याने स्वतः घासला होता. सकाळी रेघा जागच्या जागी दिसल्या तर प्रश्नच नाही. नाही दिसल्या, तर त्याच्या मागे त्याच्या कामाला कुणीतरी हात लावत होतं हे उघड होतं.

मखमल हे काही त्याचं खरं नाव नव्हे. कारखान्याच्या थोरल्या मालकांनी फार वर्षांपूर्वी त्याने घासलेल्या कपाटावरून हात फिरवला आणि म्हणाले, "अरे, हे लाकूड आहे का मखमल?" तेव्हापासून तेच नाव चिकटलं. आता तर पोस्टमनसुद्धा त्याला मखमलच म्हणायचा. आणि त्याच मालकांनी ती पद्धत पाडली. वस्तू बाहेर पडायच्या आधी सगळ्यांनी हातातलं काम थांबवायचं, मखमलने डोळे मिटून तिच्यावरून तळहात फिरवायचा आणि मनासारखी झाली असेल तर बोटांच्या पेरांनी दोनदा वाजवायचं. टकटक. की मग वस्तू गाडीत. याला सगळे 'शेवटचा हात' म्हणायचे. मखमलने टकटक केली नाही म्हणून भरायला आलेल्या गाड्या रिकाम्या परत गेल्या होत्या. थोरले मालक गेले, त्यांची लेक, सगळ्यांच्या ताई, गल्ल्यावर बसू लागली, यंत्रं आली, पण शेवटचा हात मखमलचाच राहिला. घर, संसार, लेकीचं शिक्षण हे सगळं झालंच, पण एवढ्या आयुष्यात 'हे माझं' म्हणून छाती काढून सांगावं असं त्याच्याकडे एकच होतं, ती टकटक.

आणि तीच आता कुणाच्या तरी डोळ्यात खुपत होती.

संशय घेणं हा त्याचा स्वभावच होता म्हणा. चहात साखर कमी पडली तर चहावाला मुद्दाम करतो. शेजाऱ्याने हाक मारली नाही तर काहीतरी शिजतंय. त्याची बायको म्हणायची, "हे आरशात बघायला गेले की आधी पाठीमागे कोण उभंय ते बघतात." पण या वेळी मखमलच्या हाती पुरावे होते. सकाळी त्याच्या टेबलाखाली ताजा भुसा असायचा, आदल्या संध्याकाळी झाडून गेलेला असताना. नवे कोरे काचपेपर झिजलेले निघायचे. आणि परवा ताईंच्या केबिनबाहेर चपला घालताना त्याने स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. ताई फोनवर म्हणत होत्या, "हो, हल्ली काम जरा रफ येतंय खरं. बघते मी."

कुणाचं काम ते ताई बोलल्या नाहीत. बोलायची गरजही नव्हती. मध्यंतरी एका टेबलाची तक्रार आली होती. टेबलाच्या कडेला कुसळ राहिलं आणि त्या घरच्या आजीबाईंच्या शालीचा धागा ओढला गेला. मखमलच्या टेबलाला कुसळ! त्याने डोळे मिटून हात फिरवलेला, टकटक केलेली. आपल्या मागे कुणीतरी ते कुसळ उभं केलं, याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती. आणि आता हा कठडा होता वृद्धाश्रमाच्या जिन्याचा, चांगला लांबलचक. पापडासारख्या कातडीचे म्हातारे हात त्याला धरून चढणार, उतरणार. यात खोट निघाली असती तर मखमलचा निकालच लागला असता.

घरी लेक पेपर तपासत बसली होती. ती शाळेत इंग्रजी शिकवायची.

"काय गं," त्याने हातपाय धुता धुता सहज विचारल्यासारखं विचारलं, "रफ म्हणजे नक्की काय?"

"रफ? म्हणजे खरखरीत. का हो बाबा?"

"तेवढं मला कळतं. खोलात जाऊन सांग."

"खोलात गेलं तर पुष्कळ आहे. खरखरीत, खडबडीत. मग अंदाजे केलेलं, कच्चं, मुलांची रफ वही असते तसं. समुद्र खवळला तरी रफ. माणूस अंगावर येऊन बोलला तरी रफ. दिवस वाईट गेला तरी रफच."

"एका शब्दाच्या गळ्यात एवढी कामं? त्याला पगार तरी बरा देतात का?"

लेक हसली. "मुळात एकच काम होतं त्याला. फार जुना शब्द आहे. राठ केसांच्या जनावराला, त्याच्या कातड्याला म्हणायचे. हात फिरवला की टोचतं ना, ते. बाकीचे अर्थ सगळे नंतर आले."

"म्हणजे आधी कुणीतरी हात फिरवला."

"असंच काहीतरी. पण तुम्हाला कोण काय म्हणालं?"

"मला कोण काय म्हणणार?" मखमल फुरंगटून म्हणाला आणि खिडकीशी जाऊन बसला. हात फिरवल्यावर कळतं ते. मग यात त्याच्यापेक्षा जास्त कळणारं होतं तरी कोण? ताई फोनवर बोलतात, बिलं फाडतात. त्यांच्या कानात हा शब्द कुणीतरी घातलेला असणार. आणि ताईंच्या केबिनला लागून चरक कुणाचा? कातार्‍याचा.

नाव मनात आलं आणि त्याचं त्यालाच कसंतरी झालं. कातारी आणि तो एकाच वर्षी कामाला लागलेले. एकमेकांच्या लग्नात राबलेले, एकमेकांच्या डब्यात हात घालणारे. पण संशयाचं असं असतं, एकदा घरात शिरला की तो पाहुण्यासारखा दारात उभा राहत नाही, थेट स्वयंपाकघरात जातो.

सकाळी मखमल सगळ्यांच्या आधी पोहोचला. कठड्यावरचं कापड बाजूला केलं, गुडघ्यांवर बसून मान वाकडी करून खाली पाहिलं. एकही रेघ शिल्लक नव्हती.

त्याने कुणाला काही सांगितलं नाही. मूग गिळून बसला. दुपारी जेवणाची सुट्टी झाली तसा डबा उचलून "आज घरी जातो रे, पाहुणे आलेत," असं चारचौघांत मोठ्याने म्हणाला, कोपऱ्यापर्यंत गेला आणि मागच्या बाजूने परत आला. लाकडाच्या थप्पीआडून त्याला सगळं दिसलं.

कातारी त्याच्या कठड्याशी बसला होता. तोंडात घास होता, डबा बाजूला उघडा पडला होता आणि हा काचपेपर घेऊन घासत होता. मखमलच्या कामावर! मग त्याने इकडेतिकडे पाहिलं, खिशातून एक पातळ, लांब मोजा काढला. बायकांचा. तो हातात चढवला आणि कठड्यावरून हळूहळू फिरवत नेला.

हे काय चाळे आहेत, मखमलला कळेना. पण कळायची गरजही वाटली नाही. डोळ्यांनी पाहिलं ते पुरेसं होतं. तो तसाच ताईंच्या केबिनमध्ये गेला.

"ताई, माझ्या कामात ढवळाढवळ होतेय. ते टेबलाचं कुसळ कुठून आलं, ते आज कळलं मला. चला, दाखवतो."

"कोण करतंय काका?"

"केसाने गळा कापणारं माणूस जवळचंच असतं," मखमल म्हणाला.  

ताईंनी कातार्‍याला आत बोलावलं. मोजा त्याच्या खिशातून अर्धा बाहेर लोंबत होता.

"तुम्ही यांच्या कामाला हात लावता?"

कातार्‍याने मखमलकडे पाहिलं. "लावतो," तो म्हणाला.

"आजच लावलात की आधीपासून?"

"आधीपासून."

"का?"

कातारी लोंबणारा मोजा खिशात कोंबू लागला.

"अहो, तक्रार आलीये आपल्याकडे. कारखान्याच्या नावाचा प्रश्न आहे. काही कारण असेल तर सांगा ना मला."

कातारी जमिनीकडे बघत राहिला. मखमलला वाटलं, बघा, चोराला तोंड आहे का बोलायला!

ताईंनी कपाळाला हात लावला. "शनिवारी कठडा जाऊ दे," त्या शेवटी म्हणाल्या. "शनिवारनंतर तुम्ही येऊ नका. मला वाईट वाटतंय, पण दुसऱ्याचं काम मुद्दाम बिघडवणारा माणूस मी ठेवू शकत नाही."

"बरं," कातारी म्हणाला आणि जाऊन चरकावर बसला. संध्याकाळपर्यंत चरकाचा आवाज थांबला नाही.

मखमल जिंकला होता. घरी जाताना त्याने मुद्दाम लांबचा रस्ता घेतला, छाती भरून चालला. पण निम्म्या वाटेत त्या एका शब्दाने त्याला गाठलं. बरं. नुसतं बरं! आपण त्याच्या जागी असतो तर कारखाना डोक्यावर घेतला असता. कातारी काही मुखदुर्बळ नव्हता, चहाच्या पैशांवरून भांडणारा माणूस. मग नोकरी जाताना याने तोंड का उघडलं नाही? म्हणजे अजून काहीतरी डाव होता. पण कसला, ते डोकं खाजवूनही सुचेना.

"अहो, हे काय!" दारातच बायको ओरडली. "सदऱ्याला रक्त लागलंय. बोट बघू."

मखमलने हात पुढे केला. मधल्या बोटात चांगलं काडीएवढं कुसळ रुतलेलं होतं. भोवती रक्त सुकून काळं पडलेलं.

"कुठे लागलं?"

"कोण जाणे," तो म्हणाला. आणि म्हणता म्हणता त्याला आठवलं, दुपारनंतर त्याने एकाच गोष्टीवरून हात फिरवला होता. कठड्याच्या दुसऱ्या टोकावरून. जिथे कातारी अजून पोहोचला नव्हता. डोळे मिटून फिरवला होता आणि मनात म्हटलं होतं, मखमल!

बायको सुई घेऊन आली. त्याला खिडकीशी बसवलं, चष्मा लावला आणि बोट उजेडात धरलं. लेक पेपर बाजूला ठेवून बघत होती. मखमल तोंड फिरवून बसला. सुई त्याला कधीच बघवायची नाही. लहानपणापासूनची खोड होती ती. तो दात आवळून वाट बघत राहिला.

"अगं, कर की सुरुवात," तो शेवटी म्हणाला.

 त्याने मान वळवली. कुसळ तिच्या तळहातावर पडलेलं होतं. बोटाला कापूस लावून झाला होता.

"कधीच काढलं," ती हळू म्हणाली. "एवढी खोल टोचली मी, तुम्ही हूं की चूं केलं नाहीत."

"दुसऱ्या बोटाला टोच."

"काहीतरीच काय!"

"टोच म्हणतो ना!"

तिने टोचलं. मग पुढच्याला, मग त्याच्या पुढच्याला. या वेळी मखमल डोळे उघडे ठेवून बघत होता. सुईचं टोक कातडीत जाताना दिसत होतं, रक्ताचा थेंब वर येताना दिसत होता, आणि हाताला काहीच लागत नव्हतं. जणू दुसऱ्या कुणाचा हात त्याच्या मांडीवर आणून ठेवला होता.

"बाबा, उद्या डॉक्टरकडे जाऊ," लेक म्हणाली.

पण मखमल टेबलाचा विचार करत होता. शालीचा धागा ओढणारं टेबल. ते त्याने घासलं तेव्हा कातारी बहिणीकडे गेला होता. बारशाला की कशाला, आठवडाभर कारखान्यात नव्हता. कातारी नव्हता, म्हणूनच कुसळ राहिलं.  ज्याला तो केसाने गळा कापणारा म्हणाला, तो अर्धपोटी, चोरासारखा, रोज त्याचा गळा वाचवत होता.

त्याला रडू आलं. बायकोला वाटलं, बोट दुखतंय. दुखत असतं तर रडला नसता, हे तिला कसं सांगणार?

शनिवारपर्यंत तो कातार्‍याशी एक शब्द बोलू शकला नाही. दोनदा चरकापर्यंत गेला आणि परत आला. बोलायचं म्हणजे काय बोलायचं? आणि खरं सांगू का, मनाच्या एका कोपऱ्यात तो हिशेबही करत होता. गप्प राहिलं तर? कातारी बोलणार नाही. ताईंना कळणार नाही. टकटक शाबूत राहील. असा विचार मनात आला याची त्याला स्वतःची किळस आली, पण आला होता खरा.

शनिवारी गाडी दारात लागली. कठड्याचे तुकडे लाकडी घोड्यांवर ओळीने मांडले होते. यंत्रं बंद झाली, सगळे गोळा झाले. ताई केबिनमधून बाहेर आल्या. कातारी मागे उभा होता, हत्यारांची बांधलेली पिशवी पायाशी ठेवून.

मखमल पुढे झाला. डोळे मिटले. कठड्यावर तळहात ठेवला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेला. मग उलटा आला. सगळे टकटक ऐकायला थांबले होते. हमालांनी हात चोळले.

मखमलने डोळे उघडले.

"ताई," तो म्हणाला, "मला काही कळत नाहीये."

"काय कळत नाहीये काका?"

"हे खरखरीत आहे का गुळगुळीत. हाताला लागतच नाही. हात मेलेत माझे." त्याने दोन्ही तळवे पुढे केले, सुईच्या टोकांचे ठिपके अजून त्यांवर होते. "ते टेबलाचं कुसळ माझंच. माझ्या मागे सगळं घासून काढत होता तो हा. बिघडवत नव्हता. आणि मी याची नोकरी खाल्ली."

 ताईंनी कातार्‍याकडे पाहिलं. "खरंय हे?"

कातार्‍याने मान खाजवली. "त्याने एका फळीला टकटक केली होती. मी सहज हात टेकला तर मलाच कुसळ गेलं. म्हटलं, असेल एखादा दिवस वाईट. पण मग दुसरी फळी, तिसरी..."

"मग सांगितलं का नाही मला? तुम्हाला मी काढून टाकत होते, तरी गप्प बसलात?"

"मला कातकामाला कुणीही ठेवेल हो ताई. याचं काय राहिलं असतं?"

मखमलला मान वर करवेना. "मला तरी सांगायचंस," तो पुटपुटला.

"तुला? चहात साखर कमी पडली तर तू माझ्याकडे बघतोस. तुला हे सांगून मी जिवंत राहिलो असतो?"

कुणीतरी खुदकन हसलं. ताई पुढे आल्या. हत्यारांची पिशवी त्यांनी स्वतः उचलली आणि चरकाशी नेऊन ठेवली. येताना त्यांनी डोळे पुसले, पण भुसा गेल्यासारखं केलं.

"आता शेवटचा हात याचा," मखमल म्हणाला आणि कातार्‍याला मनगट धरून पुढे ओढलं.

"माझ्या बोटांना घट्टे कमी आहेत होय? म्हणून तर बायकोचा मोजा पळवला. अजून शोधतेय ती दुसरा." कातार्‍याने खिशातून मोजा काढून हातात चढवला आणि कठड्यावरून फिरवत निघाला. तिसऱ्या तुकड्यावर, खालच्या अंगाला, मोज्याचा धागा अडकला.

"इथं," तो म्हणाला.

मखमलने बारीक काचपेपर घेतला आणि गुडघ्यांवर बसला. घासायला हात अजून पहिल्यासारखेच चालत होते, त्यांना कुणी सांगावं लागत नव्हतं.

"बघ आता."

"अजून."

तो घासत राहिला. गाडीवाल्याने भोंगा वाजवला, कुणीही तिकडे पाहिलं नाही.

"बघ."

कातार्‍याने मोजा फिरवला, परत फिरवला. "झालं," तो म्हणाला आणि बाजूला सरकला. "वाजव."

"तू वाजव. शेवटचा हात तुझा."

"छे, ते आपल्याला जमत नाही. वाजव म्हणतो ना."

मखमल गुडघ्यांवर हात टेकून उठला. बोटं दुमडली आणि पेरांनी कठड्यावर दोनदा वाजवलं. हाताला काहीच लागलं नाही. आवाज मात्र सगळ्यांना ऐकू गेला, आणि त्यालाही.